ताई घरी आल्या होत्या

पंख्याचं बटण हर्षालीच्या डोक्याच्या बरोबर वर आहे. ही शेड चटईच्या कारखान्याची होती तेव्हा त्या जागी यंत्र असणार, आता तिथं चौथीची मुलं बसतात. फेब्रुवारी अजून सरला नव्हता, पण जळगावचं ऊन काही कॅलेंडर बघून तापत नाही. पत्रा उकळत होता आणि मुलांच्या माना वह्यांवर कलल्या होत्या. मी बोलता बोलता तिकडे गेले, बटण दाबायला हात वर केला, आणि हर्षालीनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. कोपरं पुढे, मान खाली, डोळे गच्च मिटलेले. पंखा सुरू झाला. तिनं डोळे उघडले, माझा हात कुठं आहे ते पाहिलं, आणि तेच दोन्ही हात केसांवरून मागे नेऊन रिबीन घट्ट केली. जणू ते रिबिनीसाठीच वर गेले होते. शेजारी बसलेली तबस्सुम जीव खाऊन काहीतरी खोडत होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. मागे हिलालभाऊ मोठ्या मुलांना त्रैराशिक सांगत होते. कुणीच काही पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. झाकलेल्या डोक्यापेक्षा त्या रिबिनीनं मला जास्त घाबरवलं. घाबरायला कुठल्याही लेकराला येतं, पण घाबरणं इतक्या सफाईनं लपवायला सराव लागतो. मी फळ्याकडे वळले आणि काय शिकवत होते तेच विसरले.

आमच्या सांजवर्गात कुणी मारत नाही. हा आमचा पहिला नियम. दुसरा, हात धुऊन खाऊ घेण्याचा. शाळा सुटल्यापासून आया डाळमिलमधून आणि बाप हमालीवरून परतेपर्यंत जो वेळ या मुलांना गल्लीत काढावा लागतो, तो आम्ही इथं गोळा करतो. थोडे चणे-मुरमुरे, थोडा अभ्यास, थोडी गाणी, आणि ज्याला रडायचं असेल त्याला पत्र्याच्या कपाटामागची जागा. मूल दाखल करताना इथली माणसं एक वाक्य हमखास म्हणतात, हिंदूही म्हणतात आणि मुसलमानही म्हणतात : हाडं आमची, कातडी तुमची. म्हणजे खुशाल सोलून काढा, पण शिकवा. मग मी त्यांना बसवून घेते आणि मारल्यानं मूल शिकत कसं नाही, यावर भाषण देते. माझं भाषण चांगलं असतं. समोरचा मान डोलावतो, ‘बरोबर शे ताई’ म्हणतो, आणि मला वाटतं, चला, आणखी एक घर मार्गी लागलं. मग या पोरीला डोकं झाकायला शिकवलं कुणी? मी फळ्यावर काहीतरी लिहीत राहिले आणि एकेका माणसाला डोळ्यांपुढून नेऊ लागले. तिच्या शाळेतले सर मी पाहिलेले नव्हते, म्हणून त्यांच्यावर संशय घेणं सोपं होतं, पण तेवढ्यानं समाधान होईना. मग माझी नजर हिलालभाऊंवर गेली. वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेला हा माणूस आमच्याकडे पदरमोड करून येतो, मुलांसाठी बोरं आणतो. पण त्यांचा आवाज पहाडी आहे, उत्तर बरोबर आलं की ते पोराच्या पाठीत असा धपाटा घालतात की पोर दोन बोटं पुढे सरकतं. मी त्या धपाट्याकडे बघू लागले. त्यांचा जाडजूड हात, त्या हातावरचे पांढरे केस. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मन किती चटकन तयार होतं! त्यांनी मान वर करून विचारलं, “काय झालं ताई, बरं नाही का?” मी म्हटलं, “उकडतंय.” पोरीचा बाप तोताराम सुरतेला कापडाच्या कारखान्यात, तो येणार दिवाळीच्या आणि आखाजीच्या सणाला. इतक्या लांबून कुणाचा हात पोचत नाही. आणि रूपा, हर्षालीची आई. तिचं नाव मनाच्या दारात आलं, आणि मी ते उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

कारण रूपाला मी ओळखत होते. ती धुळ्याकडच्या एका खेड्यातली, लग्न होऊन इकडे आली, नवरा सुरतेला गेल्यावर डाळमिलमध्ये लागली. संध्याकाळी ती घरी परतते तेव्हा तिच्या भुवयांवर तुरीचा भुसा असतो. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिनं मला पाहताक्षणी खाटेवरची चादर ओढून काढली आणि पेटीतली नवी घडीची चादर अंथरली. पोरीला शेजारच्या साबेराचाचींकडे पिटाळून बशीसकट कप आणवला. आणि मी नको नको म्हणत असताना पायाला हात लावला. अशी बाई लेकराला मारेल? गृहभेट ही माझी खासियत आहे, असं मी नाही, लोक म्हणतात. धुळ्याला इतर सांजवर्गांच्या ताया जमल्या होत्या, तिथं मला गृहभेटीवरच बोलायला उभं केलं होतं. मी सांगितलं, रिकाम्या हातानं जायचं पण रिकाम्या तोंडानं जायचं नाही. आधी कौतुक करायचं, मनापासून करायचं, आणि मग हळूच ‘पण’ म्हणायचं. हर्षाली फार गुणी आहे, पण अक्षराकडे थोडं लक्ष द्या. हर्षालीचा गळा गोड आहे, पण वर्गात पेंगते. ‘पण’च्या पुढे एकच गोष्ट, जास्त नाही. ताया ते लिहून घेत होत्या. हर्षालीचंच उदाहरण मी दिलं होतं. माझ्या प्रत्येक भेटीनंतर तिचं अक्षर मोत्यासारखं व्हायचं, पाढे पाठ, केसांना तेल, जागेवर ताठ बसून. आठवडाभर तरी तो असर टिकायचा. ‘घराशी नातं जोडलं की मूल आपोआप जोडलं जातं,’ असं मी म्हणाले होते आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

तेव्हा मुलं सुटायच्या वेळी मी ठरवलं, आजच जायचं. शंका आली की घरी जायचं, दुसरं मला काही सुचतच नाही. हर्षाली दप्तर भरत होती. मी तिच्याजवळ बसून म्हटलं, “आज मी येते गं तुझ्याबरोबर.” तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही. ती म्हणाली, “आई घरी नसेल, ओव्हरटाइम आहे तिला.” मी म्हटलं, “मग थांबेन मी.” “आमच्याकडे पाणी नाही आलं आज.” “मला तहान नाही.” ती जरा थांबली आणि म्हणाली, “पाहुणे येणार आहेत.” ही पोर कधी लागोपाठ तीन वाक्यं बोलत नाही, आज बोलली, आणि तिन्ही खोटी होती हे मला तिथल्या तिथं कळलं. पण पाहुणे हा शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. कोण पाहुणा? नवरा सुरतेला, घरात तरणी बाई, एकच खोली. माझं मन किती घाणेरडं आहे ते मला त्या रस्त्यावर समजलं. आम्ही दोघी एमआयडीसीच्या कडेनं चालत होतो, डाळमिलच्या धुराड्यातून भाजक्या सालपटांचा वास येत होता, नशिराबादकडे जाणारे ट्रक धूळ उडवत होते, आणि मी त्या धुळीत एक माणूस उभा करत होते. त्याला मिशा दिल्या, दारूचा वास दिला, रूपाच्या खाटेवर त्या नव्या चादरीवर बसवला. चांगली रागावले मी त्याच्यावर. पोलिसांत कुणाला फोन करायचा, पोरीला रात्री कुठं ठेवायचं, सगळं ठरवून टाकलं. हर्षाली चपलेचा अंगठा निसटला म्हणून थांबली. पुन्हा थोडं पुढे जाऊन थांबली. नेहमीच्या बोळात न वळता ती मला मशिदीला वळसा घालून लांबच्या रस्त्यानं नेऊ लागली आणि मी तिला नेऊ दिलं. मग तिनं विचारलं, “ताई, मी सगळी गणितं केली ना?” मी म्हटलं, “हो.” “अक्षरपण नीट काढलंय.” “हो गं बाई.” “मग माझं काय चुकलं?” मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा लाकडासारखा लागला. “काही नाही चुकलं. मी सहज येतेय.” ती माझ्याकडे बघून हसली, मोठी माणसं थापा मारणाऱ्याकडे बघून हसतात तसं, आणि पुढे चालू लागली. एवढं सगळं तिनं माझ्या हातात आणून दिलं होतं, आणि मी मात्र मिशावाल्याला शोधत होते.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच साबेराचाची दारात बसून गोधडीला टाके घालत होत्या. रूपाच्या आणि त्यांच्या खोलीत एकच भिंत. मला पाहून त्यांची सुई थांबली. त्यांनी हर्षालीला हाक मारली, “बेटी, जा, दुकान से माचिस ला दे.” पोर धावत गेली, सुटका झाल्यासारखी. चाचींनी आधी रूपाच्या दाराकडे पाहिलं, मग मला खाली बसायची खूण केली. त्यांच्या दाराशी मी उकिडवी बसले.

“ताई, एक बात बोलू? बुरा मत मानना.”

“बोला ना.”

“तुम आते ना, उस दिन बच्ची को मार पडता.”

मला आधी कळेचना. मी विचारलं, “कुणाचा मार? कोण मारतं तिला?” माझ्या डोळ्यांपुढे अजून तो माणूसच होता.

“माँ का, और किसका? तुम चाय पीके उधर मोड तक नहीं पहुँचते, के इधर शुरू. वो बुरी औरत नहीं है. बाकी दिन हाथ नहीं लगाती, कसम से. पर तुम आते तो पूरा मोहल्ला देखता ना, के ताई आई, लडकी की कंप्लेंट आई.” त्यांनी दातानं दोरा तोडला. “मैं आडी जाती. पर कितना आडी जाऊँ? तुम मत आया करो बेटी.”

मला पहिल्यांदा राग आला तो चाचींचाच. काय अधिकार या बाईला? मी तक्रार करायला येतेच कधी? कौतुक करते मी! आणि कौतुक हा शब्द मनात उमटला तसं बाकीचं सगळं आपोआप जागेवर येऊन बसलं. मोत्यासारखं अक्षर, पाठ झालेले पाढे, केसांचं तेल, ताठ बसणं. ताठच बसणार ती, पाठ टेकवत नसणार. धुळ्याच्या त्या टाळ्या. जामनेर तालुक्यातल्या आमच्या गावात वडील शाळामास्तर होते आणि संध्याकाळी ते घरोघर जायचे, तेव्हा त्यांचं बोट धरून मीही जायची. आम्ही कुणाच्या अंगणात पाऊल टाकलं की बाया डोक्यावरून पदर घ्यायच्या, खुर्ची बाहेर यायची, फळीवरचा सगळ्यात चांगला कप खाली यायचा. मान म्हणजे काय ते मी तिथं पाहिलं, आणि आपणही मोठं होऊन असंच घरोघर जायचं, हे मी त्या कपांकडे बघतच ठरवलं. एकदा आम्ही कुणाच्या तरी घरून निघालो, बांधाला लागलो, आणि मागून एका पोराचं ओरडणं ऐकू आलं. लांबलचक, मध्येच तुटणारं. मी मागे वळून विचारलं, “कोण रडतंय?” वडील न थांबता म्हणाले, “आता करेल अभ्यास.” त्यांनी आयुष्यात कुणाला छडी मारली नाही, गाव आजही तेच सांगतं. मीही सांगत आले. छडी लोकांच्या घरी ठेवलेली असेल तर मास्तरला हातात घ्यायची गरजच काय!

मी उठले. एकच विचार होता : हर्षाली काडेपेटी घेऊन यायच्या आत, रूपाला दिसायच्या आत इथून निघून जायचं. पण गल्ली म्हणजे गल्ली. कुठल्या तरी पोरानं आधीच जाऊन वर्दी दिली असणार, कारण रूपा दारात उभी होती, पदरानं चेहऱ्यावरचा भुसा पुसत. “ताई! या ना, या. बठा.” आजूबाजूच्या दारांतून दोन-चार डोकी बाहेर आली. आता माघारी फिरले असते तरी काही उपयोग नव्हता. ताई गल्लीत आली, एवढंच पुरेसं होतं; चहा घेतला की नाही घेतला, ते पुढचं. हर्षाली कोपऱ्यावर काडेपेटी हातात धरून उभी होती आणि मी कुठं जाते ते बघत होती. मी आत गेले.

चादर बदललेली होती. इतक्या झटपट तिनं ती कधी बदलली कोण जाणे. मी त्या चादरीवर बसले आणि अंग चोरून घेतलं. रूपानं स्टोव्हवर आधण ठेवलं. हर्षाली आत येऊन भिंतीला लागून बसली, वही उघडून. खोलीत आमच्या तिघींशिवाय कुणीच नव्हतं, मी येताना एवढ्या मेहनतीनं उभा केलेला माणूस कुठंच नव्हता. रूपानं माझ्या हातात कप दिला आणि समोर जमिनीवर बसली. हात मांडीवर जोडलेले, मान किंचित पुढे.

“सांगा ताई. आज काय कयं इनी?”

“काही नाही केलं. हर्षाली फार चांगली मुलगी आहे. अक्षर सुधारलंय तिचं, गणितं सगळी बरोबर आली आज.” एवढं बोलून मी थांबले. खोलीही थांबली. रूपाची मान आणखी थोडी पुढे आली. ‘पण’साठी थांबली होती ती. मीच तिला ही सवय लावली होती : ताई आधी गोड बोलते, आणि ती जितकी गोड बोलेल तितका पुढचा घाव मोठा. कौतुकानं पोर वाचेल अशी माझी समजूत होती, आणि मी एकेक गोड शब्द बोलत होते तसतसा तिचा हिशेब फुगत होता.

“आनि?” रूपानं विचारलं.

“आणि काही नाही.”

“नही नही, सांगा ना ताई. माले राग येत नही.”

भिंतीपाशी वहीचं पान उलटलं. मी चहा पीत राहिले. चहा संपला की उठावं लागेल, मी उठले की बोळाच्या वळणापर्यंत तिला वेळ, आणि मग. सरळ विचारावं, मारता का तुम्ही हिला? मग हे सांगितलं कुणी? पोरीनं, नाहीतर भिंतीपलीकडच्या चाचींनी. कुणाचं नाव गेलं तरी भोगायचं हर्षालीनंच. न विचारता निघावं, तरी तेच. मी नेहमी लोकांना मार्ग दाखवते, आणि त्या दहा बाय दहाच्या खोलीत मला दारापर्यंतचा मार्ग दिसेना. कप रिकामा झाला होता तरी मी तो तोंडाला लावत होते. मग काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, “रूपाताई, मला भूक लागलीय. भाकरी आहे का?”

ती बघतच राहिली. मग तिचा सगळा चेहरा उजळला. “मन्हा घर जेवशात?” तिनं दोनदा विचारलं. पीठ काढलं, परात ओढली. कळण्याची भाकरी तव्यावर पडली, लसूण-मिरची ठेचली गेली, आणि खोलीला एकदम घराचा वास आला. मला वाटलं, सुटले मी. पाहुणी म्हणून आले, मास्तरीण म्हणून नाही. जेवायला आलेल्या माणसाच्या मागून कुणाला मार कशाला बसेल? रूपा बोलू लागली. मिलमधल्या मुकादमाची नक्कल करून दाखवली, त्यावर मी हसले, खरंच हसले. तिच्या बापानं सगळ्या भावांना शाळेत घातलं. “माले धाडंच नही. मी म्हशीसना मांगे.” तव्यावरची भाकरी तिनं नुसत्या बोटांनी उलटली. मी मागून घेऊन अर्धी भाकरी जास्त खाल्ली. तिघी जेवलो. हर्षालीही जेवली, पण हळूहळू, एकेक घास मोजल्यासारखा, आणि तिची नजर आईवरून हलत नव्हती. मला वाटलं, भूक नसेल. रूपानं माझ्या हातावर पाणी घातलं, पुसायला पदर पुढे केला, आणि परत तशीच समोर बसली. हात मांडीवर, मान पुढे.

“आते सांगा ताई. जेवण बी व्हयनं. काय कयं इनी?”

तेवढ्यात हर्षाली उठली. तिनं वही मिटून खाटेखाली आतपर्यंत सरकवली. मग कानातल्या रिंगा काढल्या, आधी डावी, मग उजवी, आणि त्या वहीवर नीट ठेवल्या. चांदीच्या असाव्यात, बारीक तारेच्या. हे सगळं तिनं रोजचं काम करावं तसं केलं. मग आईसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, मी आज पाढे चुकले. नऊचा.”

आज पाढे घेतलेच नव्हते. मी बोलून गेले, “खोटं आहे. आज पाढे घेतलेच नाहीत आम्ही.” आणि बोलल्याबरोबर कळलं की आगीतून फुफाट्यात टाकलं मी तिला. रूपाची मान झटक्यात तिच्याकडे वळली. “मंग खोटं काबर बोलनी?” पोरीच्या ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. आता मात्र मला गप्प बसवेना. मी खाटेवरून उतरले, जमिनीवर रूपाच्या समोर बसले आणि म्हणाले, “संपवायचं होतं तिला एकदाचं. म्हणून बोलली. मी आले की मार बसतो हे तिला माहीत आहे, फक्त कशाबद्दल ते माहीत नसतं. तेवढं तिनं स्वतः सांगून टाकलं.”

“कोनी सांगं तुमले?” रूपानं भिंतीकडे पाहिलं.

“कुणीच नाही. रिंगा कशाला काढल्या तिनं?”

रूपानं खाटेखाली पाहिलं. वाकून पाहिलं. त्या रिंगा ती पोर दर वेळी काढून ठेवत असेल हे तिनंही कधी पाहिलं नव्हतं, असं मला वाटलं. निदान असं वाटून घ्यावंसं वाटलं. तिला रडू येईल असं मी धरून चालले होते. ती रडली नाही. तिचा आवाज चढला.

“मारस. मारस मी! तुम्ही शिकेल बाई, मन्हा घर येतस, च्या पेतस, आनि जाताना सांगतस, अक्षरवर ध्यान द्या. कसं देऊ ध्यान? माले वाचता येस का? मी दिनभर मिलमा. माले दुसरं काय येस?” तिनं श्वास घेतला. “आनि दुसऱ्या दिन तुम्हीच सांगतस, हर्षाली सुधरनी. तुम्ही हसतस. माले वाटे, तुमले बी हाईच पाहिजे.”

भिंतीपलीकडे सुईदोऱ्याचा आवाज येत नसतो, तरी चाची थांबल्या आहेत हे मला जाणवलं. मी म्हणाले, “मला हे नको होतं.” म्हणाले खरं, पण माझ्याच कानाला ते कोर्टात वकिलानं बोलल्यासारखं लागलं. मारू नका म्हणून सांगायला माझ्याकडे भाषण होतं, इतकं चांगलं भाषण, आणि त्यातला एक शब्दही त्या बाईसमोर काढायची मला हिंमत होईना. रूपाचा आवाज खाली आला. तिच्या डोळ्यांत आता भीती होती. “मंग आते तुम्ही मन्हा घर येनार नही? बठ्ठी गल्ली काय म्हनी? ताई येत नही, म्हंजे पोर वाया गयी.”

मी येते म्हटलं तर एकीचं मरण, येत नाही म्हटलं तर दुसरीचं. आणि मग मी एक गोष्ट केली, ती बरोबर होती की भित्रेपणाची होती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी हर्षालीकडे वळले आणि विचारलं, “तू सांग. मी घरी येऊ, की नको येऊ?” इतक्या लहान पोरीच्या डोक्यावर असलं ओझं टाकायचं नसतं, हे मीच इतर तायांना शिकवते. ती आईकडे बघेल, रडेल, पुन्हा काहीतरी रचून सांगेल, असं मला वाटलं. तिनं आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. वर्गात ती इतकी स्पष्ट कधीच बोलली नव्हती.

मला वाईट वाटलं, असं म्हणायला हवं. पण आधी राग आला. एवढं सगळं केलं हिच्यासाठी, आणि ही तोंडावर नको म्हणते! तो राग एक क्षणभर अगदी खरा होता, अंगभर तापला, आणि मग ओसरला. तो ओसरल्यावर मात्र माझे डोळे भरून आले आणि ते रूपानं पाहिलं. मी उठले. पर्स उचलली. रूपा बसूनच होती. मला वाटलं, आता. मी दाराबाहेर पाय टाकेन आणि आता. ताईला तोंडावर नको म्हणणाऱ्या पोरीला काय शिक्षा असते, ते त्या खोलीतल्या आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. मी उंबऱ्यात थांबले. मला पुढे जाता येईना आणि मागे वळून पाहवेना.

“ताईले मोडलोंग सोडी ये,” मागून रूपा म्हणाली.

मला वळणापर्यंत सोडायला हर्षाली माझ्या शेजारी येऊन चपला शोधू लागली.

“पहिले कानमा रिंगा घाल.”

चपलेत एक पाय घातलेली हर्षाली तशीच उभी राहिली. तिला ते ऐकू आलं होतं, पण खरं वाटत नव्हतं. रूपाला ते पुन्हा सांगावं लागलं.